तीन वाजता, धक्क्यावर

ही घटना खरी आहे. मी तिथे होते.

माझं नाव एव्हरिल. वय पंच्याऐंशी. डोकं ठिकाणावर आहे, कानही अजून शाबूत आहेत.

कान शाबूत आहेत, हेच खरं दुखणं...

भुताच्या गोष्टी लोक रात्रीच्या सांगतात. माझी भर दुपारची आहे. शुक्रवार, सहा फेब्रुवारी १९५९. इंग्लंडमधलं हल शहर, मासळीचं बंदर, आणि धक्क्याला चिकटून असलेला आमचा पब, 'स्टोन हेरिंग'. घड्याळात साडेबारा वाजले होते.

आज तिथे जाऊन शोधलंत तर काही सापडणार नाही. डांबर आहे, गाड्या लावायच्या पांढऱ्या पट्ट्या आहेत, आणि एक गाद्यांचं दुकान.

पब थेल्मा मावशीचा. आई मी लहान असतानाच गेली, मावशीनं मला वाढवलं, आणि शाळा सुटली तशी मी तिच्या काउंटरमागे उभी राहिले. दारावर दगडात कोरलेली एक हेरिंग मासळी होती, म्हणून ते नाव. गिऱ्हाइकं सगळी ट्रॉलरवरची, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या जहाजांवरची. तीन आठवडे आइसलँडच्या समुद्रात, तीन दिवस जमिनीवर. त्यातले दोन आमच्याकडे. मारामारी रोजची. सकाळी लादी पुसताना एखादा दात सापडायचा. मावशी तो बशीत ठेवायची. म्हणायची, "असू दे. मालक येईल शोधत."

म्हणजे रक्ताला घाबरणारी मी नव्हते. हे आधीच सांगून ठेवते.

त्या जानेवारीत 'हेस्टर ग्रे' नावाचं ट्रॉलर बुडालं. वीस माणसं होती.

दोरांवर, डोलकाठीवर बर्फ चढत गेला आणि त्या वजनानं जहाज आडवं झालं, असं सांगितलं आम्हाला. पाहिलं कुणीच नव्हतं. मदतीची हाकही कुणाला ऐकू आली नाही, कारण वायरलेस चालवणारा माणूस जहाजावर नव्हताच. त्याच्याशिवायच ते सोडलं होतं.

सोडणारा होता सिरिल थॅरट.

सिरिल म्हणजे मालकांचा रनर. रनरचं काम एकच... जहाजावर माणसं भरणं. कुणी दारूत असो, कुणी तापात असो, सिरिल पलंगावरून उठवून न्यायचा. म्युरिएल गिलार्डच्या नवऱ्याला, नॉर्मनला, त्यानं असंच 'हेस्टर ग्रे'वर नेलं होतं. नॉर्मनची छाती कफानं भरलेली होती. म्युरिएल दारात आडवी उभी राहिली. सिरिल तिला म्हणाला, "समुद्राच्या हवेनं मोकळी होईल."

दर शुक्रवारी दुपारी सिरिल आमच्या खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टेबलावर तीनदा ठोकायचा. मग यादी वाचायचा. नाव. वेळ. जागा. बस्स.

त्या शुक्रवारी बाराचा भोंगा झाला आणि गल्लीतून बुटांचा आवाज आला.

टक टक टक टक...

मासळी कापायच्या शेडमधल्या बायका होत्या त्या. त्या लाकडी तळाचे बूट घालायच्या, खाली घोड्यासारखी लोखंडी नाल. एरवी त्या आमच्या मागच्या छोट्या खोलीत बसायच्या. त्या दिवशी थेट पुढच्या खोलीत आल्या. पाच जणी. पुरुषांनी मुकाट्यानं जागा दिली. 'हेस्टर ग्रे' गेल्याची पक्की बातमी आदल्या दिवशीच आली होती.

म्युरिएल मध्ये होती. अंगात नॉर्मनचा लोकरी स्वेटर. तिच्या एका बाजूला जाडी आयव्ही, दुसऱ्या बाजूला नेटा. मागे पर्ल आणि डॉट, दोघी बहिणी. पाचही जणींचं कुणी ना कुणी त्या जहाजावर होतं.

नेटानं चिप्स आणि पॅटी मागितली. मी बशी काउंटरवर ठेवली.

तेवढ्यात सिरिल आला.

मावशी म्हणाली, "आज नको, सिरिल."

"जहाज भरतीला सुटतं, थेल्मा. भरती कुणाच्या रडण्यासाठी थांबत नाही."

तो बसला. पेन्सिल काढली. टक... टक... टक.

दोन नावं वाचली. मग तिसरं.

"नॉर्मन गिलार्ड. तीन वाजता. धक्क्यावर."

म्युरिएल त्याच्याकडे वळली.

आयव्ही हळूच म्हणाली, "पुन्हा वाच."

सिरिलनं कागद डोळ्यांजवळ नेला. "जुनी यादी आहे," तो म्हणाला, आणि नावावर रेघ मारली. मग मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. "म्हणजे एक माणूस कमी पडला. त्याच्या जागी कोण येतंय?"

मला आजही वाटतं, त्याला वाईट बोलायचं नव्हतं. ते त्याचं रोजचं वाक्य होतं.

म्युरिएलनं जवळचा काचेचा जाड मग उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला.

काच फुटली नाही. जबडा फुटला. तो आवाज मला कळला, कारण तसा आवाज मी आधी ऐकला होता.

तो खुर्चीसकट मागे पडला. उठायला लागला, तेव्हा आयव्हीनं त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. मग नेटानं. मग दोघी बहिणींनी. लोखंडी नाल हाडावर बसली की कसा आवाज येतो, ते लिहिता येत नाही. आयव्ही प्रत्येक लाथेबरोबर त्याचंच वाक्य त्याला ऐकवत होती, जे तो घरोघरी जाऊन माणसांना ऐकवायचा.

"ऊठ की, सिरिल. जहाज सुटतंय. ऊठ की."

पुरुष तसेच उभे होते. कुणी ग्लासातून मान वर काढली नाही. एकानं भिंतीकडे तोंड केलं.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. 

मी गेले आणि दाराची कडी लावली.

त्याला बाहेर पळता येऊ नये म्हणून लावली, की बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून? मी स्वतःला खूपदा विचारलंय. उत्तर मला माहीत आहे.

किती वेळ चाललं ते सांगता येत नाही. पण थांबलं, तेव्हा नेटाची पॅटी अजून गरम होती.

सिरिलचं तोंड ओळखू येत नव्हतं. म्युरिएल त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली होती आणि अजून मारत होती. मुठीनं, एकाच जागी. आयव्हीनं तिला मागून धरून उठवलं. "बस झालं, बये. तो गेला."

म्युरिएल म्हणाली, "माझं नाही झालं."

त्याला मासळीच्या हातगाडीवर घातलं, वर गोणपाट टाकलं, आणि भर दुपारी धक्क्यावर नेलं. पंचवीस-तीस माणसांनी ती गाडी जाताना पाहिली असेल. दोन दिवसांनी तो पाण्यात सापडला.

पोलीस सार्जंट आला. त्यानं बायकांच्या पायांतले बूट पाहिले. मग मावशीकडे पाहिलं. त्याचा मेव्हणा 'हेस्टर ग्रे'वर होता.

"बर्फावरून घसरला असणार," तो म्हणाला. "जहाज आणि धक्क्याच्या मध्ये चिरडला." आणि वही मिटली.

सगळ्यांना वाटलं, संपलं.

मार्चमधला एक शुक्रवार. दुपारची वेळ, पब भरलेला. मी ग्लास पुसत होते.

अचानक मला काहीतरी कमी वाटलं...

समुद्रपक्षी ओरडत नव्हते. मासळीच्या बंदरात हे होत नाही. लहानपणापासून तो कलकलाट कानात असतो, आपण तो ऐकतही नाही. त्या क्षणी तो नव्हता. एकही पक्षी नाही.

मग खिडकीजवळून...

टक... टक... टक.

टेबल रिकामं होतं. सिरिल गेल्यापासून तिथे कुणी बसत नव्हतं.

"नेटा ब्लँचर्ड. तीन वाजता. धक्क्यावर."

आवाज त्याचाच होता. जबडा नीट असतानाचा.

पुरुषांची बडबड चालूच होती. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. पण मावशीच्या हातातला नळ तसाच उघडा राहिला, बिअर मगातून वाहून लादीवर पडू लागली. आणि मागच्या खोलीच्या दारात नेटा उभी होती. तोंड पांढरंफटक.

ती हसली. "कोणाची मस्करी आहे ही? समोर या म्हणावं."

कोणी समोर आलं नाही. पक्षी पुन्हा ओरडू लागले.

नेटा धक्क्यावर गेली नाही. शेडमध्ये कामावर गेली. आयव्ही तिच्या शेजारच्या टेबलावर होती, पुढचं तिनंच मला सांगितलं.

तीन वाजले. नेटानं कॉड मासा उलटा केला, सुरी लावली... आणि एकदम कमरेत वाकली, कुणी पोटात लाथ घातल्यासारखी. खाली पडली. मग ती लादीवर उडत होती. एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. जवळ कुणी नव्हतं. चाळीस बायका बघत होत्या. आवाज मात्र येत होता.

धप्... धप्... धप्...

रुग्णालयात नेईपर्यंत ती गेली. पाठीवर निळ्या खुणा होत्या. अर्धगोल. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या.

मग जूनमध्ये आयव्ही.

पुन्हा शुक्रवार. पुन्हा ती शांतता. टक... टक... टक.

"आयव्ही स्टॅदर्स. तीन वाजता. धक्क्यावर."

आयव्ही त्या रिकाम्या टेबलापाशी गेली, दोन्ही हात त्यावर टेकले, आणि म्हणाली, "नाही येत. काय करशील?"

मग माझ्याकडे वळली.  "शेडमध्ये मरायची नाही मी, सगळ्यांसमोर मासळीसारखी तडफडत. इथेच बसते."

मावशीनं अडीचलाच गिऱ्हाइकं बाहेर काढली. आयव्ही भिंतीला पाठ लावून बाकावर बसली. हातात मासळी कापायची सुरी. मी शेजारी बसले.

"हात धर माझा," ती म्हणाली. "घट्ट धर. तुझे हात काय लोण्याचे आहेत?"

"सुरी ठेव आधी. मलाच लागेल."

"लागू दे. तेवढीच माझी आठवण."

मावशी म्हणाली, "म्युरिएलला बोलावू का?"

"म्युरिएलला विचारलं मी परवा. तुला कुणी बोलावलं का म्हणून. नाही म्हणाली." आयव्हीनं सुरी मुठीत फिरवली. "पहिला हात तिचा, आणि नंबर माझा. न्याय बघा."

तीनला एखादं मिनिट कमी असेल.

दाराची कडी सरकली...

खर्र... खट्.

मी बाकावर होते. मावशी काउंटरजवळ. दाराजवळ कुणीच नव्हतं. आणि कडी सरकवताना शेवटी तो जो छोटा झटका द्यायची सवय होती मला, तोही त्या आवाजात होता.

मग बुटांचा आवाज. खूप पायांचा. आमच्याभोवती गोल.

पहिली लाथ बसली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. तिच्या अंगातून तो धक्का माझ्या कोपरापर्यंत आला. सुरी खाली पडली. ती बाकावरून लादीवर कोसळली, मी हात सोडला नाही, मी पण खाली ओढली गेले. दुसरी लाथ. तिसरी. एक बरगडी मोडली, तो आवाज माझ्या कानापासून वीतभर अंतरावर आला. मावशी रिकाम्या हवेत खुर्ची फिरवत होती. खुर्ची कशालाच लागत नव्हती.

आणि तेव्हा मी तो आवाज ऐकला...

वरून येत होता. उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

"ऊठ की. जहाज सुटतंय. ऊठ की."

सिरिलचा नव्हता तो आवाज.

आयव्हीचा होता.

आयव्ही माझ्या मांडीजवळ पडलेली. तोंड रक्तानं माखलेलं, ओठ मिटलेले. आणि तिचाच आवाज वरून तिला उठायला सांगत होता, दर लाथेबरोबर. तिनंही तो ऐकला. तिच्या डोळ्यांत मी ते पाहिलं. मग ते डोळे स्थिर झाले.

जिन्यावरून पडली, असं आम्ही सांगितलं. तोच सार्जंट आला होता. या वेळी त्यानं वही काढलीच नाही.

पर्ल आणि डॉटही गेल्या. पर्लला पुढच्या वर्षी बोलावणं आलं. डॉट घाबरून नदीपलीकडे ग्रिम्सबीला राहायला गेली, तीन वर्षं गेली, वाटलं वाचली. तिच्या नवऱ्यानं नंतर सांगितलं, ती स्वयंपाकघरात उभी होती, एकदम म्हणाली, "आत्ता कोणी ठोकलं?" दुपारची वेळ होती. तीन वाजता तिची कवटी फुटली. नवऱ्याला दोन दिवस कोठडीत ठेवलं होतं.

स्टोन हेरिंग चालू राहिला. लोकांना काय, बिअर मिळाली की झालं. पण बायकांनी आमच्या दारात पाय ठेवला नाही. मावशी वयाच्या साठीत गेली, झोपेत, शांतपणे. तिचं नाव कधी कुणी घेतलं नाही. पंचाहत्तर साली ते बंदरच बंद झालं. आइसलँडनं समुद्र बंद केला, ट्रॉलर भंगारात गेले, आणि दोन वर्षांनी महापालिकेची माणसं पब पाडायला आली. मी समोर उभी राहून पाहिलं. दगडी हेरिंग कुणीतरी गाडीत घालून घेऊन गेलं.

मुकादम माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, आत कुणी राहतं का? पोरं म्हणतात कुणीतरी टेबल ठोकतंय."

"आत टेबल आहे का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "तेच तर."

राहिली म्युरिएल.

तिनं पहिला घाव घातला होता, शेवटचाही तिनंच. तिला काहीच झालं नाही. मुलीला वाढवलं, शेडमध्ये निवृत्तीपर्यंत काम केलं. दुसरं लग्न केलं नाही. रस्त्यात भेटली की मान हलवायची आणि पुढे जायची. खरं सांगते, मला तिचा राग यायचा. चार जणी गेल्या आणि ही भाजी घेत फिरते.

२०१५च्या सप्टेंबरमध्ये तिच्या मुलीचा फोन आला. आई वृद्धाश्रमात आहे, तुम्हाला बोलावतेय. येताना दुपारी या म्हणतेय.

मी गेले. चौऱ्याऐंशी वर्षांची म्युरिएल खुर्चीत बसली होती. मुठीएवढी झालेली. डोळे मात्र तसेच.

"बस," ती म्हणाली. "म्हातारी झालीस की गं."

"तू काय तरुण राहिलीस?"

हसली. मग दार लावून घ्यायला सांगितलं. मला ते जमलं नाही. नर्सनं लावलं.

"आयव्हीला मी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "मला बोलावलं होतं. सर्वांत आधी. सिरिल पाण्यातून काढला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"रोज बोलावतो. घरात असू दे, शेडमध्ये असू दे, मुलीच्या लग्नात. ठोकतो, नाव घेतो. आणि तीन वाजता..." तिनं मांडीवरचा हात पाठीकडे नेला. "त्यांना सगळं एकदम मिळालं. मला हप्त्याहप्त्यानं देतोय."

"किती?"

"एक. रोज एक. कधी पाठीत, कधी मांडीवर. तोंडावर कधी नाही, म्हणजे लोकांना दिसायला नको. नर्सना वाटतं मी पडते."

"आणि तू छप्पन्न वर्षं..."

"पोरीला वाढवायचं होतं. ओरडून चालणार होतं का?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "मारणारा हात कुणाचा असतो, ते मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. आयव्हीजवळ तू होतीस."

भिंतीवर घड्याळ होतं. तीनला दोन मिनिटं कमी.

तिनं खुर्चीचे हात धरले. सवयीनं, बसमध्ये वळणावर धरावं तसे. बाहेर बागेत पाखरं होती. त्यांचा आवाज थांबला.

धप्.

खुर्ची दोन बोटं पुढे सरकली. म्युरिएलच्या तोंडातून फक्त श्वास बाहेर पडला. डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते बोटानं पुसलं.

"झालं आजचं," ती म्हणाली. "चहा सांग दोघींना. दूध जास्त."

मी तिच्या पाठीवरचा कपडा वर करून पाहिला. तिनंच करायला सांगितलं. खांद्याखाली ताजा लाल वण होता, चार बोटांच्या सांध्यांचा. मुठीचा. त्याच्या आजूबाजूला जुने, पिवळे, हिरवे, एकावर एक. मोकळी कातडी तळहाताएवढीही नव्हती.

नोव्हेंबरमध्ये ती गेली. पहाटे, झोपेत. मुलीनं विचारलं, आईला आंघोळ घालायला याल का? गेले.

नर्सनं तिला कुशीवर वळवलं.

पाठ स्वच्छ होती...

एक वण नाही, एक डाग नाही. विशीतल्या पोरीसारखी कातडी. मी नर्सला म्हणाले, "हिच्या खुणा?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे विचारलं नाही.

तेव्हापासून दहा वर्षं झाली. माझं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. मी कुणाला हात लावला नव्हता, फक्त कडी लावली होती. पण त्या पाच जणींशिवाय त्या खोलीत जे होते, त्यांतली मी एकटी उरलेय, आणि कुणाचा हिशेब कसा धरतात ते मला ठाऊक नाही.

दुपारी बारा ते तीन मी घरी थांबत नाही. बस पकडून मोठ्या बाजारात जाते. तिथे खाण्याच्या टेबलांजवळ पोरांचा, थाळ्यांचा, स्पीकरचा असा गोंगाट असतो, की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. मी मुद्दाम मधलं टेबल घेते.

ऐकूच गेलं नाही, तर जावं लागत नाही, असं मी स्वतःला सांगते. खरंच तसं असतं का, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही.